विहीर खणण्यापूर्वी : कठीण खडकातील पाण्याचा शोध

मार्च महिना उजाडला, विहिरींचे तळ दिसू लागले, की मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण तालुक्यांत कूपनलिका खोदणारी यंत्रे फिरू लागतात. शेताच्या बांधाला ट्रक उभा राहतो. दाबाखालच्या हवेवर चालणारा हातोडा खडक फोडू लागतो आणि राखी धुळीचा लोट उठतो. घरची सारी माणसे त्या धुळीकडे टक लावून बसतात. धुळीचा चिखल झाला, तर पाणी लागले. नाही झाला, तरी यंत्रवाल्याचे पैसे फुटावर ठरलेले असतात. पाणी लागो अथवा न लागो, ते द्यावेच लागतात. अशी दोन-तीन छिद्रे कोरडी गेली, की कोरडवाहू शेतकऱ्याची काही वर्षांची बचत जमिनीत जाते आणि कर्ज तेवढे वर राहते.

म्हणून जमिनीला छिद्र पाडण्याआधी, खाली पाणी असण्याची शक्यता किती हे कळले तर किती बरे होईल! भूजलशास्त्र नेमके हेच करू पाहते. मात्र त्याच्याविषयी दोन टोकांचे समज आढळतात. काहींना वाटते, की हे सगळे थोतांड आहे, पाणी लागणे नशिबावर आहे. काहींना वाटते, की शास्त्रज्ञाच्या यंत्रात खालचे पाणी दिसते. खरे तर पाणी दाखवणारे यंत्र अस्तित्वात नाही. खडकाचे काही गुणधर्म मोजता येतात आणि त्यावरून पाण्याविषयी अनुमान करता येते. अनुमान कसे करायचे आणि त्यावर किती भिस्त ठेवायची, हे या लेखात आपण पाहू.

पाणी नेमके असते कुठे?

वर्गात विद्यार्थ्यांना विचारून पाहावे, की विहिरीला पाणी कुठून येते. ‘जमिनीखाली झरे वाहतात’, ‘पाण्याची शीर असते’, अशी उत्तरे येतील. आपल्या शरीरात जशा शिरा, तशा जमिनीत पाण्याच्या, असे चित्र आपल्या मनात पक्के बसलेले आहे. चुनखडीच्या प्रदेशात अशा भुयारी नद्या खरोखर आढळतात. महाराष्ट्रात मात्र पाणी असते ते खडकातील बारीक पोकळ्यांत आणि भेगांत. पाण्याने भिजलेला स्पंज डोळ्यांसमोर आणला तर ते चित्र अधिक बरोबर ठरेल. फक्त हा स्पंज फार कंजूष आहे.

महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भागाखाली बेसाल्ट हा अग्निजन्य खडक आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचाला पडलेल्या भेगांमधून लाव्हारसाचे लोट एकावर एक पसरत गेले. त्यांचे थर आज सह्याद्रीच्या कड्यांवर पायऱ्यांसारखे दिसतात. प्रत्येक थराच्या तळाचा व मधला भाग सावकाश थंड झाल्याने घट्ट झाला. विहीर खणणारे त्याला ‘काळा पाषाण’ म्हणतात. वरच्या भागात वायूंचे बुडबुडे अडकून राहिले, त्यामुळे तो सच्छिद्र झाला. हाच ‘मांजऱ्या’. त्याची छिद्रे पुष्कळदा पांढऱ्या चकाकत्या स्फटिकांनी भरलेली असतात. नव्या विहिरीच्या मातीच्या ढिगाऱ्यात मुलांना हे स्फटिक हमखास सापडतात. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा असतो. आणि सर्वांत वर, ऊन-पावसाने झिजून ठिसूळ झालेला मुरूम.

या चौघांपैकी पाणी कोण धरतो? मुरूम धरतो. भेगाळलेला मांजऱ्या धरतो. काळा पाषाण अखंड असेल तर जवळजवळ कोरडाच; पण थंड होताना किंवा नंतरच्या हालचालींत त्याला भेगा पडल्या असतील, आणि त्या एकमेकींना व वरच्या मुरमाला जोडलेल्या असतील, तर तोही पाणी देतो. तांबडी माती पाणी धरते, पण सोडत नाही. तेव्हा पाण्याचा शोध म्हणजे मुरूम कुठे जाड आहे, आणि खालच्या खडकात जोडलेल्या भेगा कुठे आहेत, याचा शोध.

येथेच एक महत्त्वाची गोष्ट कळते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीचा घेर सुमारे एकोणीस मीटर असतो. पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या कूपनलिकेचा घेर अर्धा मीटरही नसतो. मुरमातून चहूबाजूंनी पाझरणारे पाणी गोळा करायचे, तर विहीर बरी. शिवाय ती रात्रभर पाणी साठवूनही ठेवते. कूपनलिका यशस्वी होते ती खोलवरच्या भेगेत नेमकी शिरली तरच. दहा फूट बाजूला सरकली, तर तीच कोरडी जाऊ शकते. शेजाऱ्याच्या कूपनलिकेला भरपूर पाणी आणि आपली कोरडी ठाक, हे कोडे गावोगाव का दिसते, ते यावरून उमगेल.

आधी पायांनी, मग यंत्राने

कोणतेही यंत्र बाहेर काढण्यापूर्वी आम्ही नकाशा उघडतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर ओढे, नाले, उतार व टेकड्या दिसतात. एखादा ओढा वळणे घेत येतो आणि मध्येच पट्टीने आखल्यासारखा सरळ जातो. हे का झाले असावे? पाणी नेहमी मऊ जागा शोधते. खडकात लांब भेग असेल, तर ओढा तिच्यावरून वाहू लागतो. अशा सरळ रेषा उपग्रहाच्या चित्रांत फार चांगल्या दिसतात. १९८८ साली भारताचा नियमित वापरासाठीचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए अवकाशात गेल्यानंतर अशा चित्रांचा उपयोग करून देशभरातील जिल्ह्यांचे भूजलविषयक नकाशे तयार करण्याचे काम वेगाने झाले. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, ती जागा अधिक तपासण्याजोगी.

नकाशानंतर पायपीट. गावातील प्रत्येक विहिरीचे तोंड, तळ, पाण्याची पातळी, कडेला दिसणारे खडकांचे थर, आणि उन्हाळ्यात ती किती दिवस टिकते, हे टिपून घ्यायचे. जुनी विहीर ही जमिनीत उघडलेली खिडकीच आहे. पन्नास विहिरींची अशी नोंद झाली, की गावाखालच्या थरांचा आराखडा बराचसा हाती येतो, तोही फुकटात. कोरडी गेलेली कूपनलिकाही टिपायची. अपयशाची नोंद यशाइतकीच मोलाची. पण लोक ती विसरून जातात, किंवा सांगायला संकोचतात.

झाडे आणि वारुळे यांवरून पाणी ओळखण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात भूगर्भातील पाण्याच्या खुणांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात निरनिराळी झाडे, वारुळे, मातीचा व दगडाचा रंग यांचा विचार आहे. त्यातील प्रत्येक खूण खरी ठरते असे नाही. परंतु जमिनीवर दिसणाऱ्या गोष्टींवरून खालच्या परिस्थितीचे अनुमान करावे, ही दिशा योग्यच होती. उन्हाळ्यात, पाणी न घालता, हिरव्यागार राहिलेल्या खोल मुळांच्या झाडांची रांग आजही आम्ही नकाशावर टिपतो.

पाणाड्याचे काय?

सर्वेक्षणाला गेलो की हा प्रश्न येतोच. ‘साहेब, तुमचं यंत्र राहू द्या, आमच्या पाणाड्यानं दाखवलेल्या दहा जागांपैकी सात जागी पाणी लागलं.’ तळहातावरचा नारळ उभा राहतो, कडुलिंबाची दुबेळकी फांदी वाकते, आणि जागा ठरते. या बोलण्याची चेष्टा करू नये. त्यातून विज्ञानाची पद्धत शिकवण्याची उत्तम संधी मिळते.

पाणाड्याने दाखवलेल्या दहांपैकी सात जागी पाणी लागले, हे आपण खरे मानू. आता विचारायचे, की त्याच गावात डोळे मिटून कुठेही दहा छिद्रे पाडली असती, तर किती जागी पाणी लागले असते? ओढ्याकाठच्या, जाड मुरमाच्या गावात कदाचित सातच जागी लागले असते. तसे असेल तर पाणाड्याने काहीच भर घातली नाही. ही तुलना केल्याशिवाय ‘दहांपैकी सात’ या आकड्याला अर्थ नाही. शिवाय अनुभवी पाणाड्या गावचा उतार, झाडे आणि शेजारच्या विहिरी पाहतच असतो. फांदी नाही, तर त्याचे डोळे काम करीत असतात.

याची चाचणी झालेली आहे. जर्मनीत म्युनिक शहराजवळ १९८७-८८ मध्ये एका दुमजली कोठारात प्रयोग झाले. तळमजल्यावर वाहत्या पाण्याची नळी एका दहा मीटरच्या रेषेवर हवी तिथे सरकवता येत असे. वरच्या मजल्यावरून पाणाड्याने ती कुठे आहे ते सांगायचे. सुमारे पाचशे इच्छुकांतून ४३ जण निवडले गेले आणि ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांना काही थोड्या व्यक्तींत विशेष शक्ती असल्यासारखे वाटले. पण १९९९ साली जेम्स एनराइट या शास्त्रज्ञाने तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा एकूण निकाल नुसत्या अंदाजाने मिळाले असते तसेच असल्याचे त्याने दाखवून दिले. एका चाचणीत चमकलेली व्यक्ती पुढच्या चाचणीत चमकत नव्हती.

ही कसोटी पाणाड्यापुरती नाही. आमच्या यंत्रालाही तीच लावली पाहिजे. यंत्राने सुचवलेल्या जागी यश मिळण्याचे प्रमाण, कुठेही खोदल्यावर मिळणाऱ्या यशापेक्षा जास्त असेल, तरच यंत्राला अर्थ.

विजेने खडक चाचपणे

कठीण खडकाच्या प्रदेशात सर्वांत जास्त वापरली जाते ती विद्युत रोधकता पद्धत. फ्रान्समध्ये कॉनरॅड श्लुम्बर्जर याने १९१२ साली तिचे पहिले प्रयोग केले. अमेरिकेत फ्रँक वेनर याने १९१५ च्या सुमारास जमिनीची रोधकता मोजण्याची मांडणी दिली. दोघांची नावे आजही या पद्धतींना आहेत.

तत्त्व शाळेतल्या ओहमच्या नियमाचेच. खडक बनवणारी बहुतेक खनिजे विजेची दुर्वाहक आहेत. मग जमिनीतून वीज वाहते कशी? खडकाच्या भेगांत व छिद्रांत असलेल्या पाण्यातून. कारण त्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. म्हणजे कोरडा, अखंड खडक विजेला जास्त विरोध करणार आणि भेगाळ, ओला खडक कमी.

प्रत्यक्षात चार लोखंडी सळया एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर जमिनीत ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून प्रवाह सोडतात आणि आतल्या दोन सळयांमधील विभवांतर मोजतात. चार सळया कशासाठी, दोन का पुरत नाहीत? कारण सळई आणि कोरडी माती यांच्या स्पर्शाच्या जागी मोठा रोध असतो. प्रवाह एका जोडीने सोडला आणि विभवांतर दुसऱ्या जोडीने मोजले, की त्या स्पर्शरोधाचा घोटाळा टळतो. तरीही माती फारच सुकी असेल तर सळईच्या बुंध्याशी थोडे मीठपाणी ओतावे लागते. ‘पाणी शोधायला आलात आणि आमचंच पाणी ओतताय!’ असा टोमणा त्या वेळी ऐकावा लागतो.

वेनरच्या मांडणीत सूत्र असे आहे :

रोधकता = ६.२८ × दोन सळयांमधील अंतर × (विभवांतर ÷ प्रवाह)

समजा, अंतर २० मीटर आहे, प्रवाह १०० मिलिअँपिअर आणि विभवांतर ४० मिलिव्होल्ट. भागाकार ०.४ ओहम. ६.२८ × २० × ०.४ म्हणजे सुमारे ५० ओहम-मीटर.

आता या पद्धतीतील खरी गंमत. सळया जवळजवळ असतील तर बराचसा प्रवाह वरच्या मातीतूनच जातो. सळया जसजशा लांब न्याव्यात, तसतसा प्रवाहाचा अधिक भाग खोलवरून जातो. म्हणून एकाच जागेला मध्य धरून अंतर वाढवत नेले, तर आपण जागच्या जागी खोल-खोल चाचपत जातो. वेनरच्या मांडणीत ढोबळमानाने अंतराच्या निम्म्या खोलीपर्यंतच्या खडकांचा प्रभाव प्रमुख असतो. हा काटेकोर नियम मात्र नव्हे.

समजा, एका जागी असे आकडे मिळाले : २ मीटर अंतराला ८ ओहम-मीटर, ५ मीटरला १५, १० मीटरला २६, २० मीटरला ३५, ४० मीटरला ४२ आणि ८० मीटरला ९०. हे कसे वाचायचे? आरंभीचा ८ हा काळ्या चिकण मातीचा. मग मुरूम. २० ते ४० मीटर अंतराच्या दरम्यान आकडा फारसा वाढत नाही, येथे ओलसर भेगाळ खडक असू शकतो. त्यानंतर तो झपाट्याने चढतो, म्हणजे खाली काळा पाषाण आला. शेजारच्या दुसऱ्या जागी ५ मीटर अंतरालाच आकडा ८० वर गेला आणि सरळ चढतच राहिला, तर तिथे मुरूम पातळ आहे आणि खाली अखंड पाषाण आहे. तिथे पैसे घालू नयेत. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाण्याने भरलेल्या झिजलेल्या किंवा भेगाळ खडकाची रोधकता साधारणपणे २० ते ७० ओहम-मीटर, तर अखंड पाषाणाची त्याहून जास्त, कित्येकदा शेकड्यांत आढळते.

अंतर कायम ठेवून चारही सळया शेतातून पुढे-पुढे सरकवत नेल्या, तर उभ्या भेगांचा पट्टा कुठे ओलांडला ते कळते. तिथे आकडा एकदम खाली येतो. आधी असा पट्टा शोधायचा आणि मग त्यावर खोलीची पाहणी करायची, हा शहाणा क्रम.

यंत्र फसते कुठे?

कमी रोधकता म्हणजे पाणी, असे समीकरण मांडले की घोटाळा होतो. चिकण मातीची रोधकता ५ ते १० ओहम-मीटर इतकी कमी असते. दोन थरांमधील तांबडी मातीही तशीच. या दोघींत पाणी असते, पण ते विहिरीला मिळत नाही. खारे पाणी तर विजेचे सुवाहकच. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. तिथे यंत्रावर अतिशय कमी आकडा दिसतो, खाली पाणीही असते. पण ते पिण्याजोगे नसते आणि पिकालाही मानवत नाही.

दुसरी मर्यादा खोलीची. खोली वाढते तशी यंत्राची ‘नजर’ अंधूक होत जाते. शंभर मीटर खोल असलेला एक मीटर जाडीचा भेगाळ पट्टा जमिनीवरून केलेल्या या पाहणीत वेगळा दिसत नाही. म्हणून ‘अमुक फुटांवर इतके इंच पाणी लागेल’ असे जो छातीठोक सांगतो, त्याच्या हाती नारळ असो की संगणकाला जोडलेले यंत्र, सावध राहावे. विजेच्या तारा, पुरलेले लोखंडी नळ आणि तारेचे कुंपण यांच्यामुळेही आकडे बिघडतात.

ही सावधगिरी मोठमोठ्या प्रकल्पांनाही लागू आहे. आफ्रिकेतील केनिया देशाचा वायव्येकडचा तुर्काना भाग अतिशय कोरडा आहे. उपग्रहाची रडार चित्रे आणि भूशास्त्रीय माहिती यांच्या आधारे तिथे जमिनीखाली प्रचंड जलसाठा असल्याची घोषणा २०१३ साली करण्यात आली. जगभर बातम्या झळकल्या. पुढे लोटिकिपी येथील साठ्यावर आणखी छिद्रे घेऊन पाणी तपासले, तेव्हा ते पिण्यास अयोग्य इतके खारे निघाले. पाणी असावे हे अनुमान खरे होते. पण पाणी कसे आहे, हे वरून कळलेले नव्हते.

म्हणूनच सर्वेक्षणाचा शेवटचा पुरावा छिद्रच असते. परंतु त्यातून नुसते ‘लागले’ किंवा ‘नाही लागले’ एवढेच उचलणे म्हणजे अर्धी माहिती फेकून देणे. दर काही फुटांवर बाहेर पडणारा चुरा निरनिराळ्या ढिगांत ठेवावा. खडक कुठे बदलला, कोणत्या खोलीवर पाणी आले, किती आले, हे लिहून ठेवावे. पाणी लागल्यावर ठरावीक तास पंप चालवून पातळी किती उतरते आणि थांबवल्यावर किती वेळात भरून येते, तेही मोजावे. पहिल्या दिवशीचा जोरदार फवारा फसवा असू शकतो. एखाद्या बंदिस्त भेगेत साठलेले पाणी चार दिवसांत संपून जाते.

सापडले, पण किती?

येथवर आपण पाणी कुठे सापडेल याचा विचार केला. याहून अवघड प्रश्न पुढे आहे. सापडलेले पाणी पुरणार किती दिवस आणि ते कोणाचे?

एक हिशेब करू. शंभर हेक्टरांचे एक लहान पाणलोट क्षेत्र घ्या. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एकूण ५ लाख घनमीटर पाणी. भूजलाच्या सरकारी अंदाजासाठी १९९७ च्या कार्यपद्धतीत जी प्रमाणे दिली होती, त्यानुसार झिजलेल्या बेसाल्टमध्ये पावसाच्या सुमारे ७ टक्के, सच्छिद्र व भेगाळ बेसाल्टमध्ये १३ टक्के, आणि अखंड पाषाणात अवघे २ टक्के पाणी मुरते. सात ते तेरा टक्के धरले, तर ३५ ते ६५ हजार घनमीटर. उसाला पावसाव्यतिरिक्त हेक्टरी सुमारे १५ हजार घनमीटर पाणी द्यावे लागते असे धरले, तर शंभर हेक्टरांत मुरलेले सगळे पाणी दोन ते चार हेक्टर उसातच संपते. माणसे, गुरे आणि ज्वारी-हरभरा यांना काही उरत नाही.

दुसरा आकडाही लक्षात ठेवण्याजोगा. बेसाल्टचा शंभर घनमीटर ओला खडक उपसला असता साधारण दोन घनमीटरच पाणी सोडतो. म्हणजे एक हेक्टर क्षेत्राखालची पाणीपातळी एक मीटर उतरली, तर मिळाले जेमतेम २०० घनमीटर. स्पंज कंजूष आहे असे वर म्हटले, ते याच अर्थाने.

तेव्हा एका पाणलोटात अत्यंत शास्त्रशुद्ध पाहणी करून एकामागून एक यशस्वी कूपनलिका घेतल्या, तर पाणी वाढत नाही, वाटेकरी वाढतात. खोल कूपनलिकेने भेगेतून पाणी ओढले, की त्याच भेगेला जोडलेल्या शेजारच्या उथळ विहिरीचे पाणी खाली जाते. ज्याच्याकडे अधिक खोल जाण्याचे पैसे, त्याच्याकडे पाणी. आणि ज्याच्याकडे नाहीत, त्याची आजोबांच्या वेळची विहीर आटते. यात यंत्राचा दोष नाही, पण यंत्र वापरणाऱ्याने हे विसरून चालणार नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने यावर स्वतःचे उत्तर शोधले. गावाने शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर आपणहून बंदी घातली, पाणी अडवण्याची व जिरवण्याची कामे केली, आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत पाडली. पाऊस कमी, तर पिकांची निवडही त्याप्रमाणे. राज्याचा भूजल अधिनियम २००९ साली झाला आणि २०१४ पासून लागू झाला. साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना आळा घालण्याची तरतूद त्यात आहे. पण कायदा कागदावर राहतो की गावात उतरतो, हे गावातल्या लोकांना खालचा हिशेब किती कळला आहे, यावर अवलंबून असते.

शाळेत काय करता येईल?

हा हिशेब शाळेत सुरू होऊ शकतो. पहिला उपक्रम वर्गातला. एका मोठ्या प्लास्टिकच्या टपात कोरडी वाळू भरा. चार खिळे एका रेषेत, पाच-पाच सेंटिमीटरवर खोचा. बाहेरच्या दोघांना नऊ व्होल्टची बॅटरी जोडा आणि वाटेत प्रवाह मोजण्यासाठी मल्टिमीटर लावा. आतल्या दोघांमधील विभवांतर दुसऱ्या मल्टिमीटरने मोजा. कोरड्या वाळूतून प्रवाह जवळजवळ जाणारच नाही. आता थोडे-थोडे नळाचे पाणी घालत जा आणि प्रत्येक वेळी रोध काढा. शेवटी चिमूटभर मीठ टाका. कमी रोधाचा अर्थ नेहमीच ‘गोडे पाणी’ का नव्हे, ते मुलांना न सांगता कळेल. खिळ्यांवर बुडबुडे येऊन आकडे सरकू लागतात, म्हणून बॅटरी थोडाच वेळ जोडावी आणि टोके उलटसुलट करून सरासरी घ्यावी.

दुसरा उपक्रम वर्षभराचा. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींतील पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. शाळेने गावातील पाच-सहा विहिरी निवडून त्याच महिन्यांत त्यांची पातळी मोजावी. वजन बांधलेली दोरी आणि मोजपट्टी पुरते. विहिरीच्या काठावर मोठ्या माणसाशिवाय मुलांना जाऊ देऊ नये, हे अर्थातच पाळावे. शाळेच्या छतावर पर्जन्यमापक ठेवावा. दोन-तीन वर्षांत पाऊस आणि पातळी यांचा आलेख तयार होईल.

तिसरा उपक्रम गावच्या कूपनलिकांच्या नोंदवहीचा. जागा, खोली, कोणता खडक कुठे लागला, पाणी किती, आणि जागा कशी ठरवली : पाणाड्याकडून, यंत्राने, की अशीच? कोरड्या गेलेल्या कूपनलिका वगळायच्या नाहीत. पुरेशा नोंदी झाल्यावर मुले स्वतःच यशाचे प्रमाण काढतील. उत्तर काय येईल ते आधी ठरवून ठेवू नये. आमच्या यंत्राच्या विरुद्ध गेले, तरी ते फळ्यावर लिहावे.

पुढच्या मार्चमध्ये गावात यंत्राचा ट्रक येईल, तेव्हा ही वही शाळेत असेल. शेजारच्या कोणत्या शेतात किती फुटांवर काळा पाषाण लागला, कोणती विहीर मे महिन्यापर्यंत टिकली, हे पाहण्यासाठी कोणी शेतकरी दहा मिनिटे शाळेत डोकावला आणि त्याने एक कोरडे छिद्र टाळले, तरी वर्षभराच्या मोजमापाचे चीज झाले असे समजावे.